बोलपटातली टूम आणि गावचा शिंपी

आमच्या गावच्या शिंप्याच्या दुकानात, शिवणयंत्राच्या मागच्या भिंतीला एक भला मोठा पुठ्ठा टांगलेला असे. वर्तमानपत्रांतून आणि जुन्या कॅलेंडरांतून कापलेली नटनट्यांची चित्रे त्यावर खळीने चिकटवलेली होती. नवे चित्र आले की ते जुन्यावरच डकवायचे, त्यामुळे पुठ्ठ्याला चांगली बोटभर जाडी आलेली. गिऱ्हाईक यायचे, चित्रावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "मामा, बाही अशी पायजे बघा." मामा चष्मा कपाळावर सारून आधी चित्राकडे बघत, मग गिऱ्हाइकाच्या दंडाकडे बघत आणि म्हणत, "काढतो की. पर ती अशी येनार न्हाई. तुझ्यासारखी येईल."

श्रोतेहो, नाटक-सिनेमाने आपल्या अंगावरचे कपडे कसे बदलले, याविषयी मी चार शब्द सांगणार आहे. त्यातले निम्मे मामांच्या त्या एका वाक्यात येऊन गेले आहे. फॅशन हा शब्द ऐकला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. नटांनी पिढी बिघडवली, हे वाक्य माझ्या आजोबांच्या तोंडी होते, वडिलांच्या तोंडी होते, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे माझ्याही तोंडी अनेकदा आले. खरोखर काय घडत आले, ते मात्र जरा मागे जाऊन पाहावे लागते.

मागे म्हणजे सिनेमाच्याही आधी. आपल्याकडे बायकांच्या नेसण्याचा पहिला मोठा आदर्श कोण, तर एक पुरुष! नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९११ मध्ये 'मानापमान' आले, त्यात ते भामिनी झाले. १९१६ च्या 'स्वयंवरा'त रुक्मिणी झाले. १९१९ मध्ये 'एकच प्याला'त सिंधू झाले. त्यांचे गाणे तर लोकांनी डोक्यावर घेतलेच, पण नाटकाहून परतलेल्या बायका घरी येऊन त्यांचे नेसणे आठवीत. पदर कसा घेतला होता, निऱ्या कशा बसल्या होत्या, केसांत फुले कुठे माळली होती, दागिना कोणता होता. पुण्यामुंबईच्या चांगल्या घरांतून तसेच नेसण्याची चाल पडली.

आता तुम्ही विचाराल, बायकांनी पुरुषाकडे पाहून नेसायला शिकावे, हे काय नवल? पण त्या काळची घरे डोळ्यांपुढे आणा. कुलीन घरची बाई रंगभूमीवर जात नसे. रस्त्यानेही चालली तरी पदर आवळून, मान खाली घालून. एका घरच्या सुनेने दुसऱ्या घरच्या सुनेला निवांत न्याहाळावे, अशी जागा म्हणजे एखादे हळदीकुंकू किंवा लग्नकार्य. तिथेही सगळ्याजणी आपल्या आईसारख्या आणि सासूसारख्याच नेसलेल्या. नाटकगृहात मात्र दिव्यांच्या झगझगाटात चार-पाच तास एक सुंदर आकृती उठते, बसते, वळते, रुसते. आणि तिच्याकडे टक लावून पाहिले तर कोणी नावे ठेवीत नाही. पाहायला मिळणे, ही फॅशनची पहिली अट आहे. ती अट बालगंधर्वांनी पुरी केली. उंची शालू, अस्सल दागिने आणि अत्तरे यांवर त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीने पैसा पाण्यासारखा ओतला आणि पुढे कर्जाचे डोंगरही सोसले. प्रेक्षकांच्या बायकांना मात्र ती पाहणी तिकिटाच्या पैशांत पडली.

मग बोलपट आले. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. दुर्गा खोटे त्यात तारामती झाल्या. चांगल्या घराण्यातली, शिकलेली बाई पडद्यावर आली, तेव्हा लोकांना मोठा धक्का बसला. पण त्याच धक्क्यातून शिकलेल्या बाईचे वागणे-नेसणे कसे असते, हेही गावोगाव दिसू लागले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहरात नऊवारी लुगडे मागे पडत गेले आणि पाचवारी-सहावारी गोल पातळ आले. त्याचे सगळे श्रेय सिनेमाला देणे मला पटत नाही. शाळा-कॉलेजे, कचेऱ्या, आगगाडीचा प्रवास आणि युद्धाच्या काळात कापडाला लागलेले रेशन, ही कारणे होतीच. पण गोल पातळ नेसून बाई चांगली दिसते, वेडीवाकडी दिसत नाही, ही खात्री पडद्याने पटवली.

पडद्यावर दिसले ते सगळे मात्र लोकांनी उचलले नाही. १९३८ साली मास्टर विनायक यांचा 'ब्रह्मचारी' आला. कथा आचार्य अत्र्यांची. त्यात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रात गहजब झाला. टीका झाली, चर्चा झाली, थिएटरेही भरली. पण म्हणून आमच्या नदीच्या घाटावर कोणी तो पोशाख घालून उतरले का? नाव नको! धुणे धुवायला लुगड्याचा काष्टाच बरा. जे आपल्या कामाला, हवेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना मानवेल, तेवढेच लोक घेतात. बाकीचे डोळ्यांनी पाहून तिथेच ठेवतात. नटांनी पिढी बिघडवली म्हणणारे हा हिशेब धरीत नाहीत.

खेड्यापर्यंत ही टूम पोहोचायची कशी, ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. मुंबईला लागलेला सिनेमा आमच्या जत्रेतल्या तंबूत यायला दोन-तीन वर्षे सहज लागत. रीळ इतके झिजलेले असे की नायिका पावसात उभी आहे की उन्हात, ते कळू नये. त्याआधी यायचे ते गाणे. त्यातही एक मौज आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टा भक्त. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवून सिलोन लावले. बुधवारी रात्री अमीन सयानींची गीतमाला ऐकायला ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती हीऽ गर्दी! अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि गाणी स्वगृही परतली. रेडिओवर कपडा दिसत नाही, हे खरे. पण गाणे कानात बसले की ते म्हणणारी बाई दिसते कशी, याची हुरहुर लागते. मग तालुक्याहून येणारे गाण्यांचे पुस्तक, न्हाव्याच्या दुकानातले कॅलेंडर, उदबत्तीच्या पुड्यावरचे चित्र, जे हाती लागेल त्यावरून नेसण्याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकायचाही. पण त्या चुकण्यातूनच आमच्या गावची म्हणून एक वेगळी फॅशन तयार होई.

आता घरची एक हकिगत सांगतो. १९६० साली 'लव्ह इन शिमला' आला. त्यात साधना शिवदासानी नावाची नवी नटी होती. तिचे कपाळ कॅमेऱ्यात फार मोठे दिसे. तेव्हा दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्न या इंग्रजी चित्रपटांतल्या नटीसारखी केसांची झुलपे तिच्या कपाळावर आणवली. म्हणजे मूळ हेतू एवढाच, की एका बाईचे रुंद कपाळ झाकावे. पण देशभरातल्या पोरींनी कपाळ रुंद असो की अरुंद, कात्री लावली. हाच तो साधना कट.

आमच्या थोरल्या अक्काने तो १९६६ च्या दिवाळीत केला. मी तेव्हा आठ वर्षांचा. आरसा धरायला मीच होतो. कात्री घरातली, कापड बेतायची. झुलपे डावीकडे जरा तिरकी गेली. संध्याकाळी वडील शेतातून आले. त्यांनी मारले नाही, ओरडलेही नाहीत. आईला एवढेच म्हणाले, "हिची शाळा बास." केस वाढायला तीन-चार महिने लागले असतील, शाळा मात्र पुन्हा सुरू झाली नाही. अक्का आठवीत होती आणि गणितात माझ्यापेक्षा किती तरी हुशार होती.

त्या काळच्या पडद्यावरच्या कपड्यांमागे कोण होते, ते फार थोड्यांना ठाऊक असते. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे पुढे भानू अथैया, यांचा जन्म १९२९ सालचा. वडील चित्रकार, ते मुलगी लहान असतानाच वारले. भानूताईंनी मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकली, बायकांच्या मासिकांसाठी पोशाखांची चित्रे काढली, आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'सारख्या सिनेमांचे पोशाख केले. १९६५ च्या 'वक्त' चित्रपटात साधनाने घातलेला अंगालगतचा कुडता आणि चुडीदार त्यांचाच. कपडा जुनाच होता, मुसलमानी आणि पंजाबी घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेला. पण त्याची बेतणी त्यांनी अशी केली, की कॉलेजातल्या मुलींनी तो आपलासा केला. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्याला गेल्या आणि भिंतींवरच्या चित्रांतली वस्त्रे निरखून त्यांनी वैजयंतीमालेचे पोशाख केले. अजिंठा आपल्याच मुलखात, आपण सहलीची मुले घेऊन जातो, पण त्या चित्रांतल्या बायका काय नेसल्या आहेत हे मुलांना विचारायचे आपल्याला कधी सुचले नाही. मला तरी सुचले नव्हते. १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त (हा हिंदीतला, विनायकरावांचा नव्हे) मुमताजने नाचासाठी नेसलेली नारिंगी साडीही त्यांचीच. नाचताना निऱ्या सुटू नयेत म्हणून ती आधीच शिवून, चेन लावून तयार केलेली. ही शिवलेली साडी लक्षात असू द्या. तिची गरज शेवटी लागणार आहे. पुढे 'गांधी' चित्रपटाच्या पोशाखांसाठी १९८३ साली भानूताईंना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ते मिळवणारी ही पहिली भारतीय व्यक्ती. २०२० साली त्या वारल्या.

वक्तातला पोशाख खेड्यात यायला किती वर्षे लागली? आमच्या गावी मी १९८४ साली मास्तर झालो, तेव्हा पंजाबी ड्रेस घातलेली एकच मुलगी होती, डॉक्टरांची. बाकीच्या परकर-पोलक्यात, आणि वरच्या वर्गातल्या साडीत. दहा वर्षांत चित्र पालटले. सिनेमा तर वीस वर्षांपूर्वी येऊन गेला होता, मग आत्ताच काय झाले? झाले असे, की मुली एस. टी.ने तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागल्या, सायकली चालवू लागल्या. साडी चाकात अडकते, ड्रेस अडकत नाही. शिवाय ओढणी असल्यामुळे आजीची तक्रार अर्धी झाली. पाहता पाहता हायस्कुलाने गणवेश म्हणून सलवार-कमीजच लावली. ज्या कपड्यासाठी एका पिढीच्या मुलींनी बोलणी खाल्ली, तो पुढच्या पिढीला सक्तीचा झाला आणि न घालून आले तर आम्हीच छडी उगारू लागलो.

पुरुषांचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण पुरुष आपण फॅशन करतो हे कबूलच करीत नाहीत. टेरिलीन आणि टेरिकॉट आले, इस्त्री न करता घडी राहते म्हणून मास्तर-तलाठी मंडळींना ते आवडले. राजेश खन्नाचा गुरू कुडता आला. सत्तरीत बेलबॉटमचा घेर इतका वाढला, की एका पँटीच्या कापडात दोन शाळकरी पोरांच्या चड्ड्या निघाल्या असत्या. मामा शिंपी तसे बोलूनही दाखवीत. १९७५ च्या 'दीवार'मध्ये अमिताभ बच्चन गोदीतला हमाल आहे, निळा सदरा, आणि त्याची पुढे कमरेला मारलेली गाठ. ती गाठ पोरांनी गावोगाव मारली. त्यामागचे कारण पुढे खुद्द बच्चन यांनीच सांगितले: शिवताना सदरा फार लांब झाला होता, चित्रीकरणाची वेळ झालेली, म्हणून गाठ मारून वेळ साजरी केली. शिंप्याची चूक ती देशाची फॅशन! मी हे मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमची चूक झाली की गिऱ्हाईक पैसं कापतंय."

१९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीची नक्कल तालुक्याच्या दुकानात दिवाळीच्या आत आली. मूळची महागडी, आणि ही सुरतेच्या यंत्रमागाची, दोन धुण्यांत रंग सोडणारी. पण लग्नात करवल्या म्हणून उभ्या राहिलेल्या सहाच्या सहा मुली जांभळ्या! पोलक्याच्या पाठीचा गळा चित्रात खूपच खोल होता. मामांनी तो दोन बोटे खोल काढला आणि वर नाडी लावली. दोन बोटे: एवढे आमच्या गावाला पचले. पडद्यावरची फॅशन आणि गावाची रीत यांतला करार शिंपी करतो, तो टेपवर मोजता येतो.

टीव्ही आल्यावर मधला काळच उरला नाही. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका झी मराठीवर सुरू झाली. नायिका जान्हवीचे तीन पदरांचे मंगळसूत्र पाहून बायका सोनाराकडे गेल्या. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांच्यासाठी एक ग्रॅमवाल्यांनी तसेच मुलाम्याचे काढले. मंगळसूत्राची घडण ही घराण्याची, जातीची, प्रदेशाची खूण होती. सासरहून जे येईल ते घालायचे. ते आपण निवडायचे असते, ही कल्पना मोठी. माझ्या पत्नीने तीस वर्षांनी आपले मोडून तसे करून घेतले. मला ते काही खास वाटले नाही. पण मला विचारले कुणी होते?

आता माझ्या स्वतःच्या हातून घडलेले सांगतो. २००३ साली सलमान खानचा 'तेरे नाम' आला. मध्ये भांग आणि दोन्ही बाजूंनी गालापर्यंत केस. त्यानंतर नववीच्या वर्गात एका वेळी सात-आठ पोरे तशी दिसू लागली. मुख्याध्यापकांनी परिपाठाला तंबी दिली. बाकीच्यांनी कापले, एकाने कापले नाहीत. ऊसतोड कामगाराचा मुलगा, आजीपाशी राहून शिकणारा. मी त्याला वर्गात उभे केले आणि कार्यानुभवाच्या पेटीतली कात्री घेऊन एका बाजूचे केस कापले. एकाच बाजूचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे त्याला न्हाव्याकडे जाऊन कापावेच लागतील. वर्ग हसला. मीही हसलो असेन.

आठ दिवस तो आला नाही. आला तो डोके सफाचट करून. ज्यांनी तो सिनेमा पाहिला असेल त्यांना आठवत असेल, की त्यातही शेवटी नायकाचे डोके भादरतात, वेड्यांच्या आश्रमात. पोरांनी ते लगेच ओळखले आणि त्याला तेच नाव पडले. तो शाळा सोडून गेला नाही, दहावी पास झाला, पण माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही. त्या पोराकडे दोन सदरे होते. नवे कापड त्याच्या आवाक्यात नव्हते, मोटारसायकल नव्हती. पडद्यावरच्या थाटातले फुकट मिळण्यासारखे एवढेच होते, ते म्हणजे डोक्यावर उगवलेले केस. हे मला त्या वेळी दिसले नाही. अक्काचा आरसा मी धरला होता, तरी दिसले नाही. आज तो टेम्पो चालवतो, वाटेत भेटला की थांबून नमस्कार करतो. केसांचा विषय तोही काढीत नाही आणि मीही काढीत नाही.

शिक्षक मंडळी हे ऐकत असतील, वाचत असतील, म्हणून मुद्दाम सांगितले. नियम असावेत, डोळ्यांवर येणारे केस अभ्यासाला वाईटच. पण ज्या मुलाची टूम आपण कात्रीने कापतो, त्याच्याकडे दुसरे काय काय आहे, ते एकदा पाहून घ्यावे.

२०१६ मध्ये 'सैराट' आला, तेव्हा उलटेच झाले. नागराज मंजुळे यांनी करमाळ्याच्या बाजूला चित्रीकरण केले. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. तिच्या अंगावर साधा ड्रेस आणि ओढणी, जी आमच्या एस. टी. स्टँडवर रोज दिसे. नक्कल करायला पोशाखात नवे काही नव्हतेच. पोरींनी उचलले ते तिचे बुलेटवर बसणे आणि बोलणे. आमच्या गावच्या दोघी-तिघींनी त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर शिकून घेतला.

राहिली शिवलेली साडी. मामा वारले, आता दुकान त्यांची सून चालवते. तयार कपड्यांमुळे सदरा-पँट शिवायला कोणी येत नाही. फॉल-पिको, दुरुस्ती आणि पोलकी एवढेच काम उरले होते. २०१० साली 'नटरंग' आला, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनात लावणीला ऊत आला. मुलींना नऊवारी पाहिजे, पण नऊवारी नेसवायला येते कुणाला? घरोघरच्या आज्या गेल्या, आयांना सहावारीच ठाऊक. मग या बाईंनी तयार, शिवलेली नऊवारी काढली: पायजम्यासारखी चढवायची, काष्टा आधीच बसवलेला, पदर खांद्याला टाचायचा. मुमताजच्या त्या नारिंगी साडीसारखीच सोय. जानेवारीत त्यांच्याकडे रांग लागते. आता नवरीसुद्धा शिवून घेते. भिंतीवरचा पुठ्ठा त्यांनी काढला. गिऱ्हाईक मोबाईलच पुढे धरते. गेल्या खेपेला मी दुकानात होतो, तेव्हा एका मुलीने असाच मोबाईल धरला होता. बाईंनी चित्राकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, टेप गळ्यातून काढली आणि म्हणाल्या, "हात वर कर, माप घेऊ दे."